वर्तणूक : चांगली

(लालबाग, बुऱ्हाणपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी ज्यांचं शिक्षण तापीच्या खालच्या अंगाला, रावेर-भुसावळ-जळगावकडे झालं असेल, त्यांनी घरी गेल्यावर आपला शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहावा. त्यात प्रगती आणि वर्तणूक असे दोन रकाने असतात. प्रगतीपुढे हेडमास्तर थोडाफार विचार करून काहीतरी लिहितात. वर्तणुकीपुढे मात्र सगळ्यांच्याच ‘चांगली’. वर्गातला सर्वांत गुणी मुलगा आणि बाकावर मास्तरांचं चित्र कोरणारा मुलगा, दोघांचीही चांगलीच. यात हेडमास्तरांना दोष देण्यासारखं काही नाही. एक वाईट शेरा पोराला जन्मभर नडू शकतो, आणि तो मारायला मन धजत नाही ही त्यांची चांगली वर्तणूक. पुढे नोकरीच्या वेळी पोलीस आपल्या चारित्र्याची पडताळणी करतात. तिचा अर्थ एवढाच, की ठाण्यात आपल्या नावावर गुन्हा नाही. म्हणजे सरकारदरबारी चारित्र्य ही नोंद नसण्यावरून ठरणारी गोष्ट आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांच्या घरच्यांनी मला विषय दिला तो ‘सद्गुण आणि चारित्र्य’. असा विषय मिळाला की वक्त्याला उपदेशाचं आयतं कुरण मिळतं. मी तिथे चरायला जाणार नाही, असं आधीच सांगून ठेवतो. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. माणूस चांगला आहे असं आपण म्हणतो, तेव्हा आपण नेमकं कशाबद्दल बोलत असतो? आणि हे सगळं एकदाच, अख्ख्या माणसाबद्दल बोलता येतं का?

नीतीचा विचार करणाऱ्यांनी पश्चिमेत दोन-अडीचशे वर्षं दुसरेच प्रश्न विचारले. कोणतं कृत्य कर्तव्य ठरतं, आणि कोणत्या कृत्यातून जास्तीत जास्त लोकांचं हित होतं? कांट आणि मिल ही त्यातली ठळक नावं. १९५८ साली एलिझाबेथ ॲन्सकोम या इंग्रज विदुषीने एक निबंध लिहून सांगितलं, की ही सगळी चर्चा माणसालाच विसरली आहे. बाई शब्द जपून वापरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याआधी दोन वर्षं ऑक्सफर्डने हॅरी ट्रूमन यांना मानद पदवी देऊ केली, तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब टाकायचा हुकूम देणाऱ्याचा सन्मान कसला करता, म्हणून त्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या निबंधानंतर पुष्कळांनी ॲरिस्टॉटल पुन्हा उघडला.

ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की सद्गुण जन्मानं येत नाही आणि व्याख्यानानंही येत नाही. (हे मी व्याख्यानात सांगतो आहे, त्याला इलाज नाही.) शूराची कामं करत करत माणूस शूर होतो, न्यायाची कामं करत करत न्यायी. आधी गुण येतो आणि मग कृती घडते, असा क्रम नाही. हे ज्याला अवघड वाटेल त्याने ‘श्यामची आई’ आठवावी. श्याम पोहायला घाबरतो, घरात लपून बसतो. आई त्याला शिंपटीने मारून बाहेर काढते. रडत रडत तो विहिरीवर जातो आणि उडी टाकतो. नंतर तीच आई त्याला जवळ घेते, दही खाऊ घालते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, एवढंच तिला हवं असतं. आता पाहा, उडी मारली तेव्हा श्याम शूर नव्हता. तो आईच्या शिंपटीला भ्यायला होता. शौर्य असलंच तर ते दहाव्या किंवा विसाव्या उडीत कुठेतरी आलं असेल, आणि ते कधी आलं हे श्यामलाही सांगता येणार नाही.

हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहिलं. त्याआधी १९२४पासून ते इथून फार लांब नसलेल्या अमळनेरला, प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेले कपडे आवरून ठेवत. ‘स्वच्छता पाळा’ अशी पाटी लावण्यापेक्षा हे फार कष्टाचं आहे. शिवाय त्यात धोकाही आहे : मुलं म्हणू शकतात, गुरुजी आवरतातच, मग आपण कशाला? काही मुलं तसं म्हणालीही असतील. पण रोज हे पाहून एखाद्याला लाज वाटते आणि तो स्वतः केरसुणी उचलतो. ॲरिस्टॉटल ज्याला सवय म्हणतो ती अशी, दुसऱ्याच्या हातून आपल्या हातात येते.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता आपल्या गावात या, म्हणजे गुंता सुरू होईल.

आपण बसलो आहोत त्या लालबागेचं नाव खानखाना अब्दुर्रहीमच्या बागेशी जोडलेलं आहे. हिंदी पट्ट्यात ज्याला ‘रहीम’ म्हणून पोरंसोरं ओळखतात तोच हा. जन्म १५५६चा, लाहोरचा. बाप बैरामखान गुजरातेत पाटणला मारला गेला, तेव्हा पोर चार वर्षांचं. अकबराने वाढवलं. तुर्की, फारसी, संस्कृत, ब्रज अशा भाषा त्याच्या जिभेवर होत्या. बाबराची आत्मकथा त्याने तुर्कीतून फारसीत नेली. दख्खनचा सुभेदार म्हणून त्याची उमेदीची अनेक वर्षं बुऱ्हाणपुरात गेली. त्याच्या दानशूरपणाची आख्यायिका तुम्हा सगळ्यांना माहीत आहे : देताना तो नजर खाली ठेवायचा. कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, देणारा वेगळाच आहे, लोक उगाच माझं नाव घेतात, म्हणून लाज वाटते.

आख्यायिका सुंदर आहे. पण मला तिच्यापेक्षा कुंडी भंडारा जास्त बोलका वाटतो. १६१५ साली, रहीमच्या सुभेदारीत, तबकुतुल अर्ज या फारसी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारं भूजल जमिनीखाली वाटेतच गाठलं. विहिरींसारख्या शंभराहून अधिक कुंड्या खणून त्या भुयारांनी एकमेकींना जोडल्या, आणि नुसत्या उताराच्या बळावर पाणी शहरात आणलं. मोट नाही, रहाट नाही. नदीत कुणी विष कालवलं तर छावणीचं काय, या धास्तीने हे केलं असं सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. हा धर्मादाय खात्याचा उद्योग नव्हता, दख्खनच्या मोहिमांचा लष्करी तळ होता. तरीही फरक लक्षात घ्या. खाली नजर ठेवून दिलं तरी घेणाऱ्याला हात पसरावाच लागतो. या पाण्यासाठी कुणाला हात पसरावा लागला नाही, आणि पिणाऱ्याला रहीमचं नावही माहीत असण्याची गरज नव्हती. २०२४मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचं नाव गेलं, तेव्हा आपण मिठाई वाटली. त्याच्या कुंड्यांत कचरा कोण टाकतं, हा विषय आपण तेव्हा काढला नाही.

आता याच रहीमची दुसरी बाजू. समोर निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर, आणि दख्खनच्या मोहिमा फसत चाललेल्या. खानखाना शत्रूला आतून सामील आहे, असे आरोप जहांगीर बादशहाच्या कानावर जात. पुढे शहाजादा खुर्रमने बापाविरुद्ध बंड केलं, तेव्हा रहीम बंडखोरांच्या बाजूला गेला. बंड हरू लागलं, तेव्हा खुर्रमने त्याच्याकडून निष्ठेची शपथ घेऊन त्याला तहाची बोलणी करायला पाठवलं. तो नर्मदेवर गेला आणि बादशाही फौजेला जाऊन मिळाला. या ओढाताणीत त्याचा मुलगा दाराबखान मारला गेला आणि त्याचं शिर बापाकडे पाठवण्यात आलं. जहांगीरने आपल्या आठवणींत रहीमच्या बेइमानीबद्दल कडवट शब्द लिहिले आहेत आणि शेवटी त्याला माफ करून पदवीही परत दिली आहे. १६२७ साली रहीम दिल्लीला वारला.

मग हा माणूस चांगला की वाईट? ॲरिस्टॉटलची इथे पंचाईत होते. त्याच्या मते खरा शहाणपणा असेल तर सगळे गुण एकत्रच येतात. एक खरोखर असेल तर बाकीचे असतातच. हा न्याय लावला तर रहीमचं औदार्यही खोटं ठरवावं लागेल. तसं ठरवणारे विद्वान आहेत. मला ते मान्य नाही. पाणी खरं होतं. त्याने पोसलेले कवी आणि पंडित खरे होते. आणि मोडलेली शपथही तितकीच खरी होती. माणसाचे गुण एका ठोकळ्यातून कोरलेले नसतात. एखादा पैशाच्या बाबतीत धुतल्या तांदळासारखा असतो आणि सत्तेपुढे त्याचा कणा वाकतो. दुसरा फौजदारापुढे ताठ उभा राहतो आणि घरी बायकोवर हात उगारतो. आपण मात्र घाऊक शेरे मारतो, एक तर देवमाणूस, नाही तर नीच.

याच शहरात, रहीम गेल्यावर तीन-चार वर्षांनी, गोष्ट आणखी अवघड होते. तोच खुर्रम आता शहाजहान बादशहा होऊन १६३०मध्ये बुऱ्हाणपुरात मुक्कामाला आला. गुजरात आणि दख्खनवर तेव्हा भीषण दुष्काळ कोसळला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याची बेगम मुमताज इथेच गेली. आपल्याला तेवढंच आठवतं, कारण ताजमहाल तिच्यासाठी उभा राहिला. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की बादशहाने लंगर उघडले आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गोरगरिबांना वाटले. वीस सोमवार, एक लाख रुपये. सोमवारच का? तर बादशहा तख्तावर बसला तो दिवस सोमवार होता. त्याच काळात पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून आग्र्याकडे याच वाटेने गेला. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेतं त्याने नोंदवून ठेवली आहेत. उपाशी मुलखात धान्य का पोचत नाही, याचं कारणही त्याने लिहिलं : माळव्याकडचं धान्य बुऱ्हाणपुरात बादशहाच्या फौजेसाठी ओढलं जात होतं.

म्हणजे धान्याची वाट आपल्या फौजेकडे वळवायची आणि त्या वाटेवर कोसळलेल्यांना सोमवारी रुपये वाटायचे. शहाजहानच्या मनात दया नव्हती असं मी म्हणत नाही. असेलही. पण दयेला न्यायाची जोड नसली की काय होतं, हे ज्ञानदेवांनी १२९०मध्येच सांगून ठेवलं आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेची ओळख करून देण्याआधी ते दिखाऊ अहिंसेची खिल्ली उडवतात. झाडाच्या फांद्या तोडून त्यांचंच कुंपण बुंध्याभोवती घालायचं. देऊळ मोडून त्याच दगडांनी देवाभोवती भिंत बांधायची. आणि मग खरा अहिंसक कसा असतो हे सांगताना ते तत्त्व मांडत बसत नाहीत. तो कसा चालतो, पाऊल कसं टेकवतो, कसं पाहतो, कसं बोलतो, हात कुणाच्या अंगावरून कसा फिरवतो, हे ओवीमागून ओवी सांगत जातात. शंभरावर ओव्या एका गुणाला! गीतेत तो एक शब्द आहे. गुण कुठे दिसतो हे ज्याला कळलं, त्याचं हे काम आहे. बुद्धीतला गुण शेवटी पावलात उतरला की नाही, हे ज्ञानदेव वाकून पाहतात.

आता माणसाला चारित्र्य असतं या विचारावरचाच सगळ्यांत मोठा हल्ला सांगतो. १९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टन इथे डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक व्हायला शिकणारे ४० तरुण घेतले. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत घायाळ पडलेल्याला परक्या माणसाने मदत केली ती. वाटेत एक जण कण्हत, खोकत पडेल अशी व्यवस्था केली होती. ज्यांना सांगितलं होतं की तुम्हाला उशीर झाला आहे, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. ज्यांच्यापाशी भरपूर वेळ होता, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. भाषणाचा विषय परोपकार होता की दुसराच काही, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण पडलेल्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

यावरून काहींनी निष्कर्ष काढला, की चारित्र्य वगैरे काही नसतंच. परिस्थिती माणसाला नाचवते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो (घाईचाच प्रयोग होता म्हणा). एवढ्याशा नमुन्यावरून माणसाचं मन निकालात काढता येत नाही, आणि घाईतही १० टक्के थांबलेच. ते कोण होते? तरीही एक गोष्ट पदरात घ्यावीच लागते. घाई, भूक, भीती यांच्या दाबाखाली भले भले वाकतात. म्हणून ज्याला लोकांचं चारित्र्य सुधारायचं आहे, त्याने आधी तो दाब कोण वाढवतं आहे ते पाहावं. पावरलूमवर दिवसरात्र पाळी करणाऱ्या, मीटरवर मजुरी मिळणाऱ्या विणकराने तुटलेला धागा थांबून जोडावा की तसाच पुढे जाऊ द्यावा? थांबला तर त्याची मजुरी जाते. अलास्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१च्या पुस्तकात म्हटलं, की प्रत्येक कसबात एक आतलं समाधान असतं, निर्दोष काम केल्याचं. पैसा, मान ही बाहेरची कमाई. सद्गुण आतल्या समाधानाच्या आधाराने वाढतात. बरोबर आहे. पण थांबण्याचा दंड विणकराच्याच पगारातून कापला जात असेल, तर कसबाचं ते समाधान त्याच्याकडून कुणीतरी हिरावून घेतलं आहे. या लालबागेत १९०६ साली ताप्ती मिल उभी राहिली. तिथे घासलेल्या दोन-तीन पिढ्यांना हे मी सांगायची गरज नाही.

आणि गुण कुणाचे, हे ठरवणार कोण? ॲरिस्टॉटलने गुलामाला विचारशक्तीच नाकारली. पुरुषाचं धैर्य हुकूम देण्यात आणि बाईचं हुकूम पाळण्यात, असं लिहिलं. आपल्याकडे ‘शीलवान’ पुरुषाबद्दल बोलतात तेव्हा प्रामाणिकपणा मनात असतो, आणि ‘शीलवती’ बाईबद्दल बोलतात तेव्हा काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. नोकराची नम्रता हा गुण, मालकाची नम्रता हा मोठेपणा. जोतीराव फुल्यांना हे आरपार दिसलं होतं. १८८८मध्ये अर्धांगाने उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालं. सत्यवर्तन करणारा कोणाला म्हणावं याची ३३ कलमं त्यात आहेत, आणि त्यांत स्त्री आणि पुरुष दोघांचा उल्लेख ते पुन्हा पुन्हा करतात. आपल्या भाषेत गुणांची यादी बाईला आणि पुरुषाला एकच, असं इतकं ठासून सांगणारं दुसरं पुस्तक मला तरी चटकन आठवत नाही.

त्याच १८९१ साली इथून उत्तरेला महूला बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, आणि विद्या, स्वाभिमान व शील ही आपली तीन दैवतं, असं ते सांगत. शीलाच्या आधी स्वाभिमान. ज्याला उभंच राहू दिलं नाही, त्याच्याकडून शीलाची अपेक्षा करणं हा अन्याय, हे त्या क्रमात मला वाचता येतं. १९३६च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम काय करायचं ते सांगतो आणि माणूस तो सवयीने पाळतो. तत्त्व डोळ्यांपुढे ठेवलं तर माणसाला स्वतः निवाडा करावा लागतो आणि जबाबदारीही स्वतःच घ्यावी लागते. ॲरिस्टॉटलच्या सवयीला ही मोठी दुरुस्ती आहे. विटाळ पाळणं हीसुद्धा लहानपणापासून अंगी मुरलेली सवयच होती, आणि ती पाळणाऱ्यांच्या दाखल्यावर वर्तणूक चांगलीच लिहिलेली होती.

ॲरिस्टॉटलशी माझं शेवटचं भांडण वयावरून आहे. लहानपणी वळण लागलं नाही तर पुढे फारसं काही होत नाही, असा त्याचा सूर आहे. आपले आईबापही हेच म्हणतात. पण १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो माणसं बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला एका मैदानावर जमली, त्यांत शाळकरी मुलं किती होती? शेतमजूर, गिरणीकामगार, नातवंडं असलेल्या आज्या. त्यांनी बाबासाहेबांपाठोपाठ २२ प्रतिज्ञा उच्चारल्या. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, सगळ्या प्राणिमात्रांवर दया करीन, दहा पारमिता पाळीन. जुन्या देवांना नमस्कार करायला शिकलेले हात त्या दिवशी मोठ्या वयात दुसरं वळण शिकायला लागले. पुढे ते किती पाळलं गेलं, याचा हिशेब घराघराने वेगळा निघेल. काही घरांतून दारू गेली, काहींतून गेली नाही. पण लहानपणी वळण लावू न दिलेल्या माणसांनी चाळिशी-पन्नाशीत उभं राहून आपलं वळण आपण निवडलं, हे ॲरिस्टॉटलच्या पुस्तकात बसत नाही, आणि माझ्या मते यात चूक पुस्तकाची आहे.